नायट्रो गाडीचं इंजिन गेलं: उघडून बनवायचं की नवीन बसवायचं?

नायट्रो गाडी म्हणजे रिमोटवर चालणारी, मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर धावणारी छोटी मॉडेल गाडी. तिची चालू करायची दोरी ओढली आणि हाताला काहीच लागलं नाही, फ्लायव्हील नुसतं भिंगरीसारखं फिरलं. किंवा उलट, दोरी जागची हललीच नाही. या दोन्ही वेळी बहुतेक जण तिथेच मैदानावर मोबाईल काढून नवीन इंजिनाची किंमत बघायला लागतात. मी पण तेच केलं होतं. पहिलं इंजिन गेल्यावर आठवड्यात नवीन मागवलं, बसवलं, आणि ते कोरं इंजिन सहा टाक्यांत जळालं, कारण पहिलं ज्यामुळे गेलं ते कारण गाडीतच बसलेलं होतं. टँकच्या झाकणाचं रबर एका बाजूने चिरलेलं, त्यातून टँकमधलं इंधन ढकलणारं एक्झॉस्ट पाइपचं प्रेशर गळायचं, इंधन कमी पोचायचं आणि इंजिन लीन होऊन तापायचं. त्या एका रबरापायी दोन इंजिनं गेली.

म्हणून माझा क्रम आता ठरलेला आहे: आधी काय तुटलं ते बघायचं, मग का तुटलं ते शोधायचं, आणि पैशाचा हिशोब सगळ्यात शेवटी. हा लेख त्याच क्रमाने लिहितोय. माझ्याकडे १/१० मापाची एचएसपी कंपनीची गाडी आहे, तिच्यात १८ चं २.७४ सीसी इंजिन, आणि एक १/८ बगी आहे जिच्यात २१ चं. ज्यांना हे आकडे नवीन आहेत त्यांच्यासाठी सांगतो, २१ म्हणजे ०.२१ घन इंच, साधारण साडेतीन सीसी. बाकी सगळ्या नायट्रो इंजिनांना तत्त्व एकच लागू होतं.

आरएक्स १०० उघडली असेल तरी हे वेगळं आहे

आपल्याकडे टू-स्ट्रोक म्हटलं की लूना, एम-८०, आरएक्स १०० डोळ्यासमोर येते. कॉम्प्रेशन गेलं की रिंगा बदला, जास्तच गेलं तर रीबोर करून ओव्हरसाइज पिस्टन टाका, झालं काम. इथे ते चालत नाही. आपल्या इंजिनात बहुतेक वेळा रिंगच नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन, पितळेची स्लीव्ह आणि स्लीव्हच्या आत क्रोमचा थर, याला एबीसी म्हणतात. स्लीव्ह पण ॲल्युमिनियमची असली की एएसी. स्लीव्ह आतून सरळ नळीसारखी नसते, वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, त्यामुळे थंड इंजिनात पिस्टन वर पोचला की घट्ट अडकल्यासारखा होतो. त्या घट्टपणाला पिंच म्हणतात. इंजिन तापलं की स्लीव्ह वरून फुलते आणि पिस्टनला बरोब्बर माप मिळतं. सगळं कॉम्प्रेशन या मापावर उभं आहे, म्हणून गल्लीतल्या लेथवाल्याकडे रीबोरला नेऊ नका. माणूस कितीही हुशार असला तरी क्रोमचा थर आणि तो निमुळतेपणा साध्या लेथवर परत येत नाही, आणि नुसता नवीन पिस्टन जुन्या स्लीव्हमध्ये टाकूनही उपयोग नाही. पिस्टन आणि स्लीव्ह कायम जोडीनेच बदलायचे.

आधी बघा, मेलंय की नुसतं अडकलंय

दोरी हलत नसेल तर जोर लावू नका, हे पहिलं. तीन शक्यता असतात.

एक म्हणजे आत इंधन भरलंय. जास्त प्राइम केलं (चालू करण्याआधी इंधन आत ओढून घेतलं), किंवा गाडी उलटी पडून राहिली, की इंधन पिस्टनच्या वर साचतं आणि द्रव काही दबत नाही. अशा वेळी दोरीला हिसका दिला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ग्लो प्लग (स्पार्क प्लगच्या जागी असणारा, तापणाऱ्या तारेचा प्लग) काढा, इंजिन उलटं धरा, दोन-चार वेळा फिरवा, पिचकारीसारखं इंधन बाहेर येईल. तोंड लांब ठेवा.

दुसरी शक्यता, इंजिन महिनोन्महिने पडून होतं. इंधनातलं एरंडेल तेल वाळून गोंदासारखं होतं आणि सगळं चिकटतं. पावसाळ्यात गाडी चार महिने माळ्यावर ठेवलेल्या माणसाला हे हमखास दिसतं. प्लग काढून आत थोडं तेल सोडा, कार्बच्या तोंडातून पण सोडा, हीट गनने किंवा हेअर ड्रायरने इंजिन चांगलं गरम करा आणि फ्लायव्हील हाताने हळूहळू मागेपुढे करा. अर्ध्या तासात सुटलं तर इंजिनाला काही झालेलं नाही.

तिसरी शक्यता, पिस्टन वरच्या टोकाला पिंचमध्ये अडकलाय. नवीन इंजिनात हे नेहमीचं आहे. प्लग सैल करून फ्लायव्हील उलट दिशेने फिरवलं की सुटतो.

या तिन्हीतलं काही नसेल, किंवा फिरवताना कटकट, खरखर असा आवाज येत असेल, तर मग इंजिन खरंच उघडायचं आहे.

आणि दोरी सैल फिरत असेल तर? तिथे पण घाई नको. दोरीच्या मागचं वन-वे बेअरिंग (एकाच दिशेने पकडणारं) गेलं तरी दोरी सैलच फिरते आणि इंजिन मात्र ठणठणीत असतं. फ्लायव्हील हाताने फिरवा. पिस्टन वरखाली होताना जाणवला, वर पोचताना अडथळा लागला, तर फक्त पुल स्टार्ट गेलंय. फ्लायव्हील फिरतंय पण प्लगच्या भोकातून बघितल्यावर पिस्टन हलतच नाही, तर रॉड तुटलाय.

न उघडता करायच्या तपासण्या

प्लग हातात घेऊन उजेडात बघा. तार चकचकीत आणि गुंडाळी सरळ असेल तर ठीक. तार राखाडी पांढुरकी, वाकडी झालेली असेल तर इंजिन लीन चाललंय, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. तार तुटून गायब असेल तर ती आत पडली का हे बघावंच लागतं, कारण तो एवढासा तुकडा पिस्टनच्या डोक्याला आणि स्लीव्हला ओरखडे पाडतो.

कार्बवरचा एअर फिल्टर काढा आणि कार्बच्या तोंडात आतून बोट फिरवा. बोटाला कण लागले की समजा धूळ आत गेली. आपली लाल माती फार बारीक असते, फोमला फिल्टर ऑइल नीट लावलेलं नसेल तर ती आरपार जाते, आणि पिस्टन-स्लीव्ह खाण्यात तिचा हात कोणी धरू शकत नाही.

मग कॉम्प्रेशन. थंड इंजिनात प्लग घट्ट लावून फ्लायव्हील बोटांनी फिरवा, वरच्या टोकाला थांबायला पाहिजे. अजिबात न थांबता सुळकन गेलं तर जोडी संपत आलीय. पण खरी परीक्षा गरम इंजिनाची. थंड असताना चालू होतं, टाकीभर नीट चालतं, मग गरम असताना बंद पडलं की काही केल्या परत चालू होत नाही, अर्ध्या तासाने थंड झालं की पुन्हा पहिल्या दोरीला चालू, हे पिस्टन-स्लीव्ह गेल्याचं सगळ्यात पक्कं लक्षण. कारण वर सांगितलं तेच, तापल्यावर स्लीव्ह फुलते आणि झिजलेला पिस्टन तिच्यात सैल पडतो.

आता हवेची गळती. आयडलवर नीडल (कार्बमधला इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) कितीही फिरवा, आरपीएम कधी वर चढून बसतो कधी खाली, एकदा थ्रॉटल देऊन सोडला की खाली यायला वेळ लावतो, असं असेल तर इंजिन कुठून तरी हवा ओढतंय. गाडीतून इंजिन काढा, बाहेरून पुसा, कार्बचं तोंड आणि एक्झॉस्ट रबरी बुचाने बंद करा, कार्बच्या इंधनाच्या निपलला सिलिकॉन ट्यूब लावून ५० मिलीच्या सिरिंजने हवा दाबा आणि इंजिन पाण्याच्या भांड्यात धरा. तोंडाने फुंकू नका, त्या ट्यूबमध्ये मिथेनॉल असतं आणि ते विष आहे. बुडबुडे कुठून येतात बघा: कार्बच्या बुडातून, बॅकप्लेटच्या (इंजिनाच्या मागच्या झाकणाच्या) कडेने, हेडखालून की पुढच्या बेअरिंगमधून. पुढच्या बेअरिंगमधून थोडं चालतं, बाकी कुठूनही नाही. झाल्यावर लगेच वाळवून आत तेल सोडा, पाणी राहिलं तर बेअरिंग गंजेल.

हे करताना टँकचं झाकण आणि सगळ्या नळ्या पण त्याच पाण्यात तपासा. मी ते पहिल्यांदा केलं असतं तर वर सांगितलेली गोष्ट घडली नसती.

उघडायची पद्धत

हत्यारं जास्त लागत नाहीत पण चांगली लागतात: १.५, २ आणि २.५ मिमीचे हेक्स ड्रायव्हर (गोल झालेले ॲलन की नकोत, बोल्टची डोकी जातात), प्लग पाना, फ्लायव्हील पुलर, हीट गन, बारीक टोकाचा पिक, नायलॉनचा केबल टाय, पांढरं कापड आणि मोबाईलचा कॅमेरा. प्रत्येक पायरीला फोटो काढा.

उघडण्याआधी बाहेरून पूर्ण धुवा, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने. सगळ्या भोकांना बुचं लावून धुवा. बाहेरची माती आत पाडून इंजिन उघडण्यात काही अर्थ नाही.

कार्ब काढा. फ्लायव्हीलचा नट सोडवताना क्रँक धरून ठेवावा लागतो, तेव्हा एक्झॉस्टच्या भोकात स्क्रू ड्रायव्हर घालून पिस्टन अडवायचा मोह होतो, तो करू नका, पिस्टनची कड तिथेच जाते. फ्लायव्हील कापड गुंडाळून पकडीत धरा किंवा क्रँक लॉक वापरा. नट निघाल्यावर पुलर लावा, हातोडी नको.

हेडचे बोल्ट तिरके तिरके, थोडे थोडे सैल करा. हेडखाली तांब्याच्या पातळ शिम (चकत्या) असतात, ०.१ किंवा ०.२ मिमीच्या, किती निघाल्या ते लिहून ठेवा. मग बॅकप्लेट. इथे थांबून रॉडच्या खालच्या टोकाचं तेलाचं भोक कोणत्या बाजूला आहे, पिस्टनवर काही खूण असेल तर ती कुठे आहे, याचा फोटो. हे उलटं बसलं तर रॉडला तेल नीट मिळत नाही.

स्लीव्ह काढायला जोर नाही, उष्णता लागते. क्रँककेस वरून हीट गनने चांगली तापवा, पिस्टन खाली आणा, एक्झॉस्टच्या भोकातून केबल टायचं टोक आत घाला आणि क्रँक हळू फिरवा. पिस्टन वर येताना टायला ढकलतो, टाय स्लीव्हच्या कडेला ढकलतो आणि स्लीव्ह वर सरकते. नायलॉन मऊ असल्यामुळे ओरखडा पडत नाही. स्लीव्ह निघाली की पिस्टन खाली नेऊन रॉड क्रँक पिनवरून मागे सरकवा आणि पिस्टन-रॉड वरून बाहेर काढा. क्रँक मागच्या बाजूने निघतो, अडला तर पुढून लाकडी ठोकळ्याने हलकं ठोका.

काय दिसलं आणि त्याचा अर्थ काय

सगळे पार्ट पांढऱ्या कापडावर मांडा. हा भाग मला सगळ्यात आवडतो, कारण इंजिन स्वतः सांगतं त्याला काय झालं ते, फक्त वाचता आलं पाहिजे.

पिस्टनचा माथा आधी बघा. मध्ये कॅरॅमलसारखा तपकिरी डाग असेल तर ट्यूनिंग चांगलं होतं. माथा कोरा, धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर लीन. माथ्यावर आणि हेडच्या आतल्या वाटीवर बारीक बारीक खड्डे, सँडब्लास्ट केल्यासारखे, तर डेटोनेशन (इंधन अवेळी भडकून ठोके बसणं) होत होतं: कॉम्प्रेशन जास्त, किंवा इंधनात नायट्रोचं प्रमाण वाढवलं आणि शिम वाढवली नाही. १६ टक्क्यांवरून २५ वर गेलात तर बहुतेक वेळा एक शिम वाढवावी लागते.

पिस्टनच्या अंगावर उभे ओरखडे म्हणजे धूळ. पिस्टन खालून स्लीव्हमध्ये घाला आणि बोटाने वर ढकला. चांगल्या जोडीत तो वरच्या टोकाच्या आधीच अडकतो. बोटाच्या जोरावर वरून आरपार बाहेर आला तर ती जोडी गेली, याच्यात दुसरं मत नाही.

रॉडचं मोठं टोक, म्हणजे क्रँक पिनवर बसणारं, क्रँकला लावून वरखाली हलवून बघा. फिरताना मोकळा पाहिजे पण वरखाली खेळ नको. आत ब्राँझची बुश असते ती लांबुळकी झाली की खेळ येतो, आणि खेळ आला की रॉड तुटायला वेळ लागत नाही. हे इंजिन मिनिटाला ३०,००० च्या वर फिरतं, म्हणजे सेकंदाला ५०० फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत तो रॉड दोनदा दिशा बदलतो. म्हणून शर्यतीतले लोक पिस्टन-स्लीव्ह चांगली असतानाच मध्ये एकदा रॉड बदलून टाकतात. गजन पिनच्या (पिस्टन आणि रॉड जोडणाऱ्या पिनच्या) टोकाकडे पण तोच खेळ तपासा.

क्रँक पिनवरून नख फिरवा. नख अडकलं, खाच लागली, तर क्रँक गेला, कारण त्या खाचेवर नवीन रॉड टाकलात तर त्याची बुश लगेच खाल्ली जाईल.

बेअरिंग धुऊन, तेल पूर्ण काढून मग फिरवा. तेलात सगळीच बेअरिंगं गुळगुळीत वाटतात. कोरडं फिरवल्यावर खरखर लागली किंवा गोळ्यांवर तपकिरी डाग दिसले तर बदला. गंज कुठून येतो? मिथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपण गाडी चालवून तशीच ठेवतो. कोकणात आणि मुंबईच्या दमट हवेत तर एका आठवड्यात मागचं बेअरिंग धरतं.

शेवटी क्रँककेस. रॉड तुटला असेल तर त्याचे तुकडे आत आपटलेले असतात. तडा, बेअरिंगच्या घरात ढिलेपणा, बोल्टचे उडालेले आटे बघा.

आता निर्णय

माझा हिशोब असा आहे. नवीन इंजिनाची किंमत, ती पण शिपिंग आणि कस्टम धरून दारात पोचेपर्यंतची, १०० धरा. लागणाऱ्या पार्टची किंमत, तीही दारात पोचेपर्यंतची, ५० च्या आत बसत असेल तर बनवा. ५० ते ६५ मध्ये असेल तर क्रँक आणि केस किती चांगल्या आहेत त्यावर ठरवा. त्याच्या वर गेली की नवीन घ्या. शिपिंग धरायला लोक विसरतात. बाहेरून एक रॉड मागवला तर रॉडपेक्षा शिपिंग जास्त होऊ शकतं.

या हिशोबाने साधारण काय निघतं ते सांगतो. गळती, ओ-रिंग, बॅकप्लेट, पुल स्टार्ट, वन-वे बेअरिंग, प्लग: डोळे झाकून दुरुस्ती. प्लगचे आटे गेले असतील तर साध्या प्लगला १/४-३२ चे आटे असतात, ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा हेडची आतली वाटी मिळत असेल तर ती बदलणं सोपं. बेअरिंग: दुरुस्ती, कारण निदान पुढचं तरी आपल्या बाजारात मिळू शकतं. नुसता रॉड गेलाय आणि तो तुटायच्या आधी पकडला, तर दुरुस्ती.

पिस्टन-स्लीव्ह गेली तर मात्र प्रश्न येतो. महागड्या इंजिनात, ओएस कंपनीच्या इंजिनासारख्या, ही जोडी टाकणं परवडतं, कारण क्रँक आणि केस मुळातच इतक्या चांगल्या असतात की दुसऱ्या जोडीचं आयुष्यही नीट काढतात. एचएसपीमधल्या साध्या १८ च्या इंजिनात जोडी, रॉड आणि दोन बेअरिंगं असा सगळा खर्च मांडला की नवीन इंजिन जवळपास तेवढ्यातच येतं, आणि त्यासोबत नवीन कार्ब आणि पुल स्टार्ट पण मिळतं. मी तिथे नवीनच घेतो.

जोडी आणि क्रँक दोन्ही गेले, किंवा केसला तडा गेला, तर विचार करत बसू नका, नवीन घ्या.

मधला एक रस्ता आहे. तुमच्याच मॉडेलचं दुसऱ्या कोणाचं बंद इंजिन मिळतं का बघा. एकाचा रॉड तुटलेला, दुसऱ्याचं बेअरिंग गंजलेलं, दोन मेलेल्यांतून एक चांगलं उभं राहतं. फक्त पिस्टन आणि स्लीव्ह एकाच इंजिनातून घ्या. परदेशात झिजलेल्या स्लीव्हचं वरचं टोक कोलेटमध्ये दाबून पिंच परत आणून देणारे लोक आहेत, त्याने थोडं आयुष्य वाढतं, पण घरी व्हाइसमध्ये दाबून बघू नका, स्लीव्ह लंबगोल होते.

बनवायचं ठरलं तर

बेअरिंगपासून सुरू करा. २१ च्या बऱ्याच इंजिनांत पुढचं बेअरिंग ७×१९×६ मिमी असतं, म्हणजे बाजारातलं ६०७ नंबरचं, ते मुंबईत नागदेवी स्ट्रीटला किंवा कुठल्याही बऱ्या बेअरिंगवाल्याकडे मिळेल. दोन्ही बाजूंना रबर असेल तर आतल्या बाजूचं काढून टाका म्हणजे इंधनातलं तेल आत जाईल, बाहेरचं राहू द्या. मागचं मात्र १४×२५.४×६ मिमी असतं, आणि ते २५.४ म्हणजे एक इंच, साध्या मिमी साइजमध्ये ते बसत नाही. दुकानदार २५ चं देऊ करेल, घेऊ नका, ते मॉडेलवाल्यांकडूनच मागवा. तुमच्या इंजिनाचं माप मात्र व्हर्नियरने स्वतः घ्या.

सगळे पार्ट काढलेली, स्वच्छ धुऊन वाळवलेली क्रँककेस साधारण १५० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं ठेवा (घरचा जेवणाचा ओव्हन नको, एखादा जुना वेगळा ठेवा), जाड हातमोजे घालून लाकडावर सपाट आपटा, मागचं बेअरिंग आपोआप खाली पडतं. पुढचं आतून लाकडी दांड्याने ढकला. नवीन बेअरिंगं आधीच रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवलेली असली तर गरम केसमध्ये अलगद जाऊन बसतात. ढकलावंच लागलं तर कायम बाहेरच्या रिंगवर दाब द्या, आतल्या रिंगवर दिलात तर गोळ्यांचे ठसे उमटून नवीन बेअरिंग तिथेच खराब होतं.

मग क्रँक तेल लावून आत. पिस्टनमध्ये रॉड आणि गजन पिन बसवा, पिनची क्लिप कायम नवीन. जुनी क्लिप वाचवून काही रुपये वाचतील, पण ती चालू इंजिनात निसटली तर स्लीव्हला उभी चीर पाडते. क्लिप खाचेत पूर्ण बसली का ते पिकने फिरवून बघा.

पिस्टन वरून आत, रॉड फोटोतल्या दिशेने पिनवर. स्लीव्हच्या कडेला खाच असते आणि केसमध्ये तिची खूण किंवा पिन, ती जुळवून स्लीव्ह सरकवा, केस थोडी गरम असेल तर सहज जाते. एक्झॉस्टचं भोक एक्झॉस्टकडे आलं का परत बघा. शिम जेवढ्या निघाल्या तेवढ्याच. हेड तिरके तिरके बोल्ट, तीन टप्प्यांत. बॅकप्लेटला आणि कार्बच्या बुडाला नवीन ओ-रिंग, कार्बच्या बुडाला उष्णता सोसणारं सिलिकॉन सीलंट अगदी पातळ, जास्त लावलं तर आत तुकडा पडतो. झाल्यावर परत पाण्यातली तपासणी, ही टाळू नका.

नवीन घ्यायचं ठरलं तर

नुसतं २१ म्हणून मागवलं आणि बसलंच नाही, असं फार होतं. १२ ते १८ ची इंजिनं साधारण स्मॉल ब्लॉक, २१ ते २८ बिग ब्लॉक, दोघांची माउंटची भोकं वेगळी. क्रँकचं टोक कसं आहे बघा, एसजी प्रकारचं की साधं आट्याचं, आणि लांबी किती, कारण त्यावर तुमचा क्लच बसतो. एक्झॉस्ट मागे की बाजूला, कार्ब स्लाइडचा की रोटरी, पुल स्टार्टचं की स्टार्टर बॉक्सचं (गाडी वर ठेवून मोटरने इंजिन फिरवणारा डबा). शर्यतीचं इंजिन बहुतेक बिना दोरीचं येतं, बॉक्स नसेल तर तो खर्च वेगळा धरा. आणि ज्याचे पार्ट मिळत नाहीत असं इंजिन कितीही स्वस्त असलं तरी घेऊ नका, घ्यायच्या आधी त्याचा रॉड आणि पिस्टन-स्लीव्ह सुटी मिळते का ते शोधा.

नवीन इंजिन जुन्या गाडीत बसवताना इंधनाच्या नळ्या, टँकच्या झाकणाचं रबर आणि एअर फिल्टर हे तिन्ही नवीन टाका. क्लच बेलची बेअरिंगं पण बघून घ्या.

ब्रेक-इन

नवीन इंजिन असो की नवीन जोडी, पहिल्यांदा चालू करण्याआधी हेड हेअर ड्रायरने तापवा, हाताला सोसवणार नाही इतकं. थंड असताना पिंचमधून जबरदस्तीने फिरवल्यावर रॉडवर फार ताण येतो. हाय स्पीड नीडल थोडी रिच (इंधन जास्त) ठेवा, म्हणजे पाइपमधून निळसर धूर दिसत राहिला पाहिजे, आणि गाडी जमिनीवर हळूहळू आठच्या आकड्यात फिरवा. दोन-तीन मिनिटं चालवायचं, बंद करायचं, फ्लायव्हील फिरवून पिस्टन खाली आणायचा आणि पूर्ण थंड होऊ द्यायचं. पिस्टन वर असताना थंड झालं तर स्लीव्ह आकसून त्याला धरते आणि पिंच जातो. हेडचं तापमान प्लगजवळ टेम्परेचर गनने मोजा, ९० ते १०० अंशांच्या आसपास ठेवा. जुने लोक सांगतात खूप रिच आणि एकदम थंड चालवा, ते या एबीसी इंजिनाला चांगलं नाही, स्लीव्ह फुलायच्या आधीच पिस्टन घासत राहतो. पाच-सहा टाक्यांनंतर नीडल थोडी थोडी लीन करत जा, एका वेळी घड्याळाचा एक तास जेवढा असतो तेवढीच, त्याहून जास्त नाही. ११०-१२० च्या वर जात असेल तर मागे फिरा.

फक्त रॉड किंवा बेअरिंग बदललं असेल तर एवढं सगळं नको, दोन टाक्या शांतपणे चालवल्या की पुरे.

रोज चालवून झाल्यावर टँक रिकामा करा, इंजिनातलं उरलेलं इंधन जळून आपोआप बंद होईपर्यंत चालू ठेवा, मग कार्बमध्ये आणि प्लगच्या भोकात आफ्टर रन ऑइलचे (चालवून झाल्यावर इंजिन गंजू नये म्हणून घालायच्या तेलाचे) चार-पाच थेंब सोडून फ्लायव्हील फिरवा आणि पिस्टन खाली ठेवा.

जुनं इंजिन फेकू नका. हेड, बोल्ट, कार्बची नीडल, बॅकप्लेट, शिम, चांगलं असेल तर पुढचं बेअरिंग, हे सगळं काढून तेल लावून एका डबीत ठेवा आणि डबीवर मॉडेल लिहा. माझ्या बगीच्या कार्बमधला लो स्पीड नीडलचा स्प्रिंग अशाच एका डबीतून आलेला आहे.